मागच्या पानावरचे एक माप

मी एक जुनी दोनशे पानी वही आहे. माझ्या पहिल्या नऊ पानांवर आरसे आणि भिंगे काढलेली आहेत; ती आदितीच्या दहावीची. शाळा संपली, उरलेली पाने कोरी राहिली आणि एके दिवशी रद्दीच्या गठ्ठ्यातून मला तिच्या आईने, चंदनाताईंनी, ओढून काढले. मित्रांनो, माझा खरा जन्म त्या दिवशी कसबा बावड्यातल्या त्या स्वयंपाकघरात झाला.

चंदनाताईंना घरी साबण करायचा होता. घर जैन, विकतच्या वडीत कशाची चरबी असेल, ही शंका त्यांचे मन खात असे. तेलाला घरात तोटा नव्हता, कारण त्यांचे पती बाहुबली यांचा तेलाचा घाणा चार पिढ्यांचा. माझ्या दहाव्या पानावर ताईंनी लाल शाईने लिहिले, ‘पाण्यात सोडा घालावा. सोड्यात पाणी कधीही घालू नये.’ मग चुकांची रांग लागली. पहिला साबण मलमासारखा मऊ राहिला. दुसऱ्याचा खडूसारखा भुगा झाला. तिसऱ्या वेळी कॉस्टिक सोड्याचा थेंब उडाला, त्याचा पिवळा डाग माझ्या कडेला अजून आहे. काम चालू असताना जे घडेल ते माझ्या मागच्या पानांवर पेन्सिलीने टिपायचे आणि सवडीने पुढच्या पानांवर सुबक अक्षरात कृती उतरवायची, अशी त्यांची रीत होती. बाराव्या खेपेला साबण जमला. शेजारीण वास घेऊन म्हणाली, “इकत आणल्यागत झालाय की!” त्या दिवशी ताईंनी मला पदराने पुसले.

मग आदिती बाळंतपणाला माहेरी आली. येणाऱ्या नातवंडासाठी ताईंनी खास साबण करायचे ठरवले. कृती ठरली: खोबरेल हजार ग्रॅम, सोडा एकशे चौऱ्याहत्तर. सोडा तोलून झाला आणि वजनकाट्याचा सेल संपला. त्याच वेळी आतल्या खोलीतून आदितीची हाक आली. कळा सुरू झाल्या होत्या. बाहुबलींनी घाण्यावरचे माप काठोकाठ भरले, पातेल्यात ओतले आणि माझ्या मागच्या पानावर पेन्सिलीने खरडले, ‘सेल न्हाय. तेल १ माप.’ ताईंनी कसेबसे मिश्रण घोटले, साच्यात ओतले आणि सगळे दवाखान्यात धावले.

मुलगी झाली. आठवड्याने ताईंनी आनंदात सुबक पान लिहिले. पण घडले ते लिहिले नाही. ठरले होते ते लिहिले. हजार ग्रॅम.

मित्रांनो, त्या मापात एक लिटर तेल मावते, आणि एक लिटर खोबरेल किलोभर भरत नाही. ऐंशी ग्रॅम कमी पडते. मग थोडा सोडा तेलाशी न जुळता वडीत शिल्लक राहतो आणि कोवळ्या कातडीला भाजतो. हे माझ्या दोन पानांत लिहिलेले होते, एक पुढे आणि एक मागे. दोन्ही कुणी एकत्र वाचली नव्हती. आदितीने पुढच्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये काढले आणि म्हणाली, “आता वहीचं काय काम, आई?” मी फळीवर हळदीच्या डब्याखाली गेले.

सव्वा महिना झाला. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या तानूबाई सकाळी आल्या, न्हाणीत पाटावर बसल्या, पाय लांब केले आणि बाळाला पायांवर पालथे घेतले. न्हाणी स्वयंपाकघराला लागूनच. फळीवरून मला सगळे दिसत होते. आदितीने नवी वडी पुढे केली.

“पिठानंच घालतो की न्हाऊ,” तानूबाई म्हणाल्या. “साबण कशाला एवढ्याशा जिवाला?”

“मावशी, हिच्यासाठीच केलाय आईनं. सव्वा महिना मुरलाय, हिच्याएवढाच.”

“मग जुळ्या बहिणीच म्हणायच्या! कशाचा हाय?”

आदितीने मोबाइल उघडला. “खोबरेल हजार ग्रॅम, सोडा...”

“हजार ग्रॅम कुठलं?” बाहेरच्या सोप्यातून बाहुबलींचा आवाज आला. “माप ओतलंय म्या.”

“अहो, तोलून घेतलं होतं मी,” चुलीशी उभ्या चंदनाताई म्हणाल्या.

“कशानं तोललीस? काट्याचा सेल गेलता की! इसारलीस व्हय?”

“मोबाइलमध्ये तर हजारच आहे, पप्पा.”

“मग तेच की. माप म्हंजे किलोच. आज्ज्याच्या काळापासनं आम्ही किलोच म्हणतोय त्याला.”

मला ताईंचा चेहरा दिसत होता. त्या मनात माप आणि हजार ग्रॅम जुळवून पाहत होत्या. न्हाणीत तानूबाईंनी वडी भिजवली. बाळ रडू लागले. मला तोंड असते तर मी ओरडले असते. पण वहीला उघडावे लागते.

“वही!” ताई किंचाळल्या. हळदीचा डबा खाली कोसळला. पिवळ्या बोटांनी त्यांनी मला मागून उघडले. सेल न्हाय. तेल १ माप.

“मावशी, लावू नका! तिला लावू नका तो!”

तानूबाई वळल्या. त्यांच्या मनगटावर फेस होता. बाळ कोरडेच होते.

“न्हाय लावला. पाणी असू दे न्हायतर साबण, आधी माझ्या हातावर, मग लेकरावर.” त्यांनी फेस धुतला. मनगट लाल झाले होते. “खुरपं धरून माझं कातडं घट्ट झालंय वैनी, तरी चावतोय ह्यो.”

आदितीने बाळाला छातीशी घेतले. काट्यात नवा सेल घालून बाहुबलींनी रिकामे माप तोलले, मग भरून तोलले. आकडा बघून ते खाली बसले. “नऊशे वीस,” एवढेच म्हणाले.

ताईंनी माझे सुबक पान फाडायला धरले. त्याची शिवण ताणलेली मला जाणवली.

“फाडतीस कशाला?” तानूबाई म्हणाल्या. “लिव्ह त्यात. तानूबाईचं मनगट भाजलं म्हणून लिव्ह. पुढच्या बाईला कळंल.”

ताईंनी हजार ग्रॅमवर एकच रेघ मारली, खालचे अक्षर वाचता येईल अशी. शेजारी ‘नऊशे वीस’ लिहिले. मग सुबक अक्षरात त्यांनी तानूबाईंचे नाव आणि मनगट लिहिले. न्हाणीत डाळीच्या पिठाचा वास दरवळू लागला.

मित्रांनो, माझ्यावर कव्हर घाला अगर घालू नका. डाग पडले तरी मला चालतात. पण माझ्यात जे ठरले ते लिहू नका, जे घडले ते लिहा; आणि मागची पानेही कधी उलटून पाहा. त्या मागच्या पानावर हळदीची पाच बोटे उमटली आहेत. ती पुसायची नाहीत, असे ताईंनी घरात सर्वांना बजावले आहे.