बाबांचं दुसरं तोंड

टकळीला बोलायला कुणी शिकवलं नव्हतं. गप्प बसायला मात्र सगळ्यांनी शिकवून पाहिलं होतं. एरवी ती दातांच्या दवाखान्यात फोन उचलायची आणि रविवारी दुपारी एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर माइक. तिथं हौशी मंडळी आळीपाळीनं उभं राहून विनोद सांगायची. टकळी ट्रॅफिकवर बोलायची, वाढत्या वजनावर बोलायची, साहेबांवर बोलायची. लोक हसायचेही, पण पाहुण्याकडच्या पाणचट चहाला 'छान झालाय' म्हणावं तसे.

एकदा कॅफेची मालकीण तिला म्हणाली, "तुझं सगळं बरं आहे गं, पण सगळं ऐकलेलं आहे. तुमच्या घरात दार लावून जे बोलतात, ते सांग की."

घरात दार लावूनसुद्धा जे कुणी बोलत नव्हतं, ते टकळीला लगेच आठवलं.

तिचे बाबा शिंपी. आतड्याचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांच्या पोटावर एक छोटंसं तोंड काढून त्याला पिशवी लावून दिली. शौचाचा रस्ता आता तोच. जीव वाचला, पण बाबा उंबऱ्याबाहेर पडेनासे झाले. पिशवीला वेळकाळ नव्हता. लहर आली की आवाज करायची. चारचौघांत झाला तर? आई पिशवीला नुसतं 'ते' म्हणायची. "त्यांनी 'ते' बदललं का गं?" आणि नातेवाइकांना सांगितलं होतं, पोटाचं किरकोळ ऑपरेशन झालंय.

टकळीनं एका बैठकीत सगळं लिहून काढलं. हात थांबत नव्हता, एकटीच खिदळत होती. मग एकदम तिच्या लक्षात आलं, बाबांना विचारायला हवं होतं.

बाबा मशीनवर होते. ती समोर उभी राहिली आणि न थांबता वाचून मोकळी झाली. आई स्वयंपाकघरातून धावत आली. "अगं, लाज आहे का? बापाचं हागणंमुतणं लोकांना सांगणार तू?"

बाबांनी मशीन थांबवलं. हातातलं कापड उलटसुलट करून पाहिलं. टकळीला वाटलं, संपलं सगळं.

"खिशाचं राहिलं," बाबा म्हणाले.

"काय?"

"असं घाल त्यात. आयुष्यभर दुसऱ्यांना खिसे शिवून दिले, शेवटी डॉक्टरनं मलाही एक शिवून दिला. आणि तो कधी रिकामा राहत नाही."

टकळी जमिनीवरच बसली. हसता हसता तिला उठता येईना. आईनं तोंडाला पदर लावला आणि आत निघून गेली, पण तिचेही खांदे हलत होते.

"मी येणार ऐकायला," बाबा म्हणाले. "दाराजवळची खुर्ची धर. वेळ आली तर पळता यायला हवं."

त्या रविवारी खोली गच्च भरली होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी बसले, शेजारी आई, जीव मुठीत धरून. टकळीचं नाव पुकारलं तेव्हा तिनं माइक दोन्ही हातांनी धरला.

"माझ्या बाबांच्या पोटावर शौचाची पिशवी आहे," तिनं सुरुवात केली. खोलीत चिडीचूप. "लोकांचं पोटात एक आणि ओठात एक असतं. आमच्या बाबांचं तसं नाही. पोटात जे असतं, ते पोटावरच."

कुणीतरी फिसकन हसलं.

"बाकीचे सगळे जे करायचं ते पाठीमागून करतात. बाबा सगळं समोरासमोर करतात!"

आता हशा आला, खराखुरा, पोटातून. टकळीला पंख फुटले. "त्यांना आता दोन तोंडं आहेत. वरचं आईपुढे उघडत नाही आणि खालचं आईचंसुद्धा ऐकत नाही." खिशाचा विनोद आला तेव्हा पुढच्या बाकावरच्या दोघी एकमेकींवर कोसळल्या.

तेवढ्यात मधल्या रांगेतला एक कोटवाला गृहस्थ ताडकन उभा राहिला. "पुरे! आजारी बापाची चेष्टा करतेस? त्या बिचाऱ्याला काय वाटेल, याचा विचार केलास का?"

खोलीतलं हसू जागच्या जागी गोठलं. बाबांकडे बघायचा धीर टकळीला होईना.

आणि त्या शांततेत दाराशी आवाज झाला. लांब, खणखणीत, मध्ये जरासा थांबून पुन्हा सुरू झालेला.

सगळ्या माना वळल्या. बाबांचा चेहरा लालबुंद झाला. आईनं त्यांचा हात घट्ट धरला आणि दाराकडे खूण केली. बाबा उठले. पण दाराकडे न जाता ते कोटवाल्याकडे वळले.

"तो बिचारा मी," ते म्हणाले. "तुम्ही विचारलंत ना, मला काय वाटतं? या खालच्या तोंडानं आत्ता सांगितलं, तेच."

खोली हशानं फुटली. लोक टेबलं बडवत होते, शिट्ट्या मारत होते, मालकीण काउंटरला धरून वाकली होती. कोटवाल्यानं रुमाल काढून तोंड झाकलं, पण रुमालाच्या आतून त्याचं हसू आवरेना, तो मटकन खाली बसला. आई तर डोळे पुसत हसत होती आणि मधूनच बाबांच्या दंडावर चापट्या मारत होती. टकळीला आपलं पुढचं काही आठवेना. आठवलं असतं तरी ऐकलं कुणी असतं?

जिना उतरताना बाबा पुढे होते आणि त्यांच्या तोंडाला खळ नव्हता. "दोन तोंडांचं घाईत उरकलंस. 'वरचं' म्हणून थोडं थांबायचं. आणि आवाजाचं तू सांगितलंसच नाहीस, शेवटी मलाच करावं लागलं."

"अहो, हळू बोला," आई म्हणाली, "लोक ऐकतायत."

"ऐकू देत की!"

घराकडे वळायचा कोपरा आला. आई वळली, टकळी वळली. बाबा हातवारे करत सरळच चालत राहिले.

"अहो, घर इकडे!"

"माहीत आहे," बाबा मागे न बघता म्हणाले. "जरा फिरून येऊ."