न उघडलेली जाळी

दुरुस्ती केंद्राचे साहेब, तुम्ही खोटं लिहायला लावलंत. माझं झाकण उघडून न बघता माझ्या कागदावर 'गॅस संपला' असा शेरा मारायचा हुकूम तुमचाच.

मित्रांनो, मी नऊ उन्हाळे काढलेला जुना एसी आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी जाळी दुधासारखी स्वच्छ होती. या घरात आलो आणि पाहुणे माझ्याखालून उठायचं नाव घेईनात. कौतुक सगळ्यांनी केलं, पण माझं तोंड कुणी धुतलं नाही. जाळीवर धूळ, केस आणि झुरळांचे पंख यांची गोधडी झाली. खालच्या पन्हळीत बुळबुळीत घाण साचली. तिच्यावरून आलेली हवा मी माणसांच्या तोंडावर सोडत होतो. मला माझीच किळस यायची.

मग घरच्यांनी गॅलरीला काचा बसवल्या. माझा बाहेरचा डबा आत कोंडला गेला आणि स्वतःचीच गरम वाफ गिळत बसला.

यंदा आजोबांचं छातीचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, खोली गार ठेवा. नेमका तेव्हाच मी हात टेकले. आत नळ्यांवर बर्फ, बाहेर भट्टी! तुमचा मेकॅनिक आला.

"अहो, निदान उघडून तरी बघा," सूनबाई म्हणाल्या.

"ताई, साहेबांनी सांगितलंय. गार होत नाही म्हणजे गॅस."

गॅस ठासून तो गेला. जादा गॅसने माझा विजेचा भार वाढला आणि दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरचं सुरक्षेचं बटण, ते एमसीबी, सारखं खाली पडू लागलं. आजोबांचा मुलगा ते पुन्हा पुन्हा वर ढकलत होता.

आजोबा आयुष्यभर वायरमन होते. ते पलंगावरून म्हणाले, "जळका वास येतोय. हात लावू नकोस त्याला."

"बाबा, तुम्हाला तर भाजीतही जळका वास येतो!"

"भाजी तुझ्या आईची होती, म्हणून गप्प खाल्ली. इथे गप्प बसणार नाही. ते बटण काही उगाच पडत नाही, ते तुला ओरडून सांगतंय. बंद कर!"

सूनबाईंनीच मला बंद केलं. माझ्या प्लगचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं. अजून तासभर चाललो असतो तर पडद्याने पेट घेतला असता, आणि आजोबांना तर उठूनही बसता येत नव्हतं.

मुलगा चाकू घेऊन बर्फ खरवडायला निघाला. "नळी फुटेल, गाढवा! आपोआप वितळू दे," आजोबा गरजले. सूनबाईंनी जाळी नळाखाली धरली. काळंकुट्ट पाणी बघून त्यांनी नाकाला पदर लावला. गॅलरीच्या काचा सरकवल्या. दुसऱ्या दिवशी जाणत्या वायरमनने प्लग, सॉकेट बदललं, दुसऱ्या एका एसी मेकॅनिकने झाकण उघडून जादा भरलेला गॅस काढला, आणि मग मी सुरू झालो. संध्याकाळी आजोबांना गाढ झोप लागली.

मित्रांनो, आमची जाळी महिन्याला धुवा. बटण दुसऱ्यांदा पडलं तर ते वर करू नका, जाणत्या माणसाला बोलवा.

आणि साहेब, आज शेजारच्या दारातही तुमचा मेकॅनिक आला होता. तिथल्या पाळण्यात दोन महिन्यांचं बाळ आहे. झाकण न उघडता त्याने तोच शेरा मारला. ते झाकण उघडायला तुम्ही माणूस कधी पाठवताय? आज सांगा.