घंटेच्या हद्दीत

"समतेची सभा म्हणे, आणि कप मात्र दर वेळी आमच्याच घरचे," फ्लॉसी डेल्फिनच्या कानाशी पुटपुटली. शाळेच्या मागच्या पडवीत दोघी स्टोव्हपाशी बसल्या होत्या. "सहाच आणलेत हां. मिठागरवालीला धरलं नाही मी."

"माझा दे तिला," डेल्फिन म्हणाली. असं म्हटलं की आपण जरा चांगल्या ठरतो, हे तिला ठाऊक होतं. हल्ली असल्या फुकटच्या चांगुलपणाची तिला गरज पडू लागली होती.

आत वर्गात संयुक्त लोककल्याण समितीची शेवटची सभा जमत होती. नाव एवढं लांबलचक, काम एकच: बाळंतिणींसाठी उपकेंद्र. नर्स आणि औषधं पंचायत समिती देणार, इमारत बागायतदार सोसायटी, आणि दोन खाटा चर्चचं महिला मंडळ. सोसायटीचा चेअरमन फ्लॉसीचा नवरा, प्लासिड. मंडळाची अध्यक्ष डेल्फिन. आणि मिठागरात राबणाऱ्या खाजणपाड्यातर्फे मंदा, जिला आजवर एकाही सभेत कुणी काही विचारलं नव्हतं.

वाद जागेचा होता, पण त्याला वाद म्हणत नव्हतं कुणी. खाजणपाडा गावात धरला, तर उपकेंद्र बंधाऱ्याच्या तोंडाशी येणार, बागायतदारांच्या वाडीला नि पाड्याला सारख्याच अंतरावर. नाही धरला, तर सोसायटीच्या गोदामाशेजारी, केळींच्या सावलीत. आणि पाड्यातल्या बायकांनी माणिकपूरचा दवाखाना गाठायचा, भरतीचं पाणी वाटेवरून उतरेल तेव्हा. पंचायत समितीचा विस्तार अधिकारी जयराम नवा होता. गावाची हद्द कुठवर ते तुम्हीच ठरवा, म्हणाला. इमारत होईल तेव्हा होईल, नर्स मात्र येत्या सोमवारपासून ठरलेल्या जागी मांडवात बसणार होती.

घंटेने ठरवू या, हे डेल्फिननेच सुचवलं होतं. गावाची रीतच तशी. जिथवर चर्चची घंटा ऐकू येते, तिथवरच्या माणसाने आगीला, पुराला, मयताला धावायचं. वादळाच्या वर्षी बंधारा फुटला, तेव्हा घंटा ऐकून फावडी-पाट्या घेऊन पहिली आली ती खाजणपाड्याचीच माणसं. आपण मोठी हुशारी केली असं डेल्फिनला वाटलं. प्लासिड एका शब्दात कबूल झाला, तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं. त्याने पहाटेची घंटा निवडली. त्या वेळी मतलई वाहते. जमिनीवरून सुटलेला तो वारा घंटेचा आवाज पाड्याकडून मागे, चर्चपल्याड समुद्राकडे लोटतो, हे कुठलाही कोळी सांगेल.

जानेवारीत सगळे पाड्यावर जाऊन उभे राहिले. शाली पांघरून, गंभीर चेहऱ्याने, चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेला उभं राहावं तसे. आणि घंटा झाली. बारीक, लांबच्या घरात कपाला चमचा लागावा इतकीच. पण झाली. प्लासिडने घड्याळ पाहून नाही अशी मान हलवली, सरपंच नरहरीभाऊंनी हलवली, आणि जयरामने वहीतून डोकं वर काढून डेल्फिनकडे पाहिलं.

आदल्याच रविवारी मंडळाच्या बायकांनी तिला चर्चच्या पायरीवर घेरलं होतं. खाटा आपण देतोय, पण त्यांवर निजणार कोण कोण, याचा काही विचार केलास का? नसेल केला, तर खाटा घरी बऱ्या.

"नाही बाई," डेल्फिन जयरामला म्हणाली. "माझ्या तरी काही कानावर आलं नाही."

चार पावलांवर मंदा हंडा घेऊन उभी होती. दारात तिची सून सावित्री बसली होती, पोटावर हात ठेवून. तिचं पहिलं मूल माणिकपूरच्या वाटेवर गेलेलं, पाणी उतरायची वाट बघता बघता. यंदा तशी वाट बघावी लागणार नाही, असा शब्द डेल्फिनने तिला दिला होता, तिच्याच ओटीवर बसून, तिच्याच हातची भाकरी खात.

आता मार्च उजाडला होता, आणि सावित्रीला नववा सरत आला होता.

डेल्फिन आत येऊन बसली तेव्हा जयराम ठराव वाचत होता. 'सर्व समाजघटकांना समान लाभ' हे शब्द त्याने दोनदा वाचले, त्याला ते आवडले असावेत. मग, खाजणपाडा येथे घंटा ऐकू येत नसल्याने सदर वस्ती हद्दीबाहेर धरण्यात येत आहे. प्लासिडने सही केली, सरपंचांनी केली, डेल्फिनने केली. तिची सही पूर्वी मोठी यायची. आज आपली आपणच बारीक आली.

शाईचा पॅड मंदापुढे सरकला. तिने अंगठा शाईला लावला आणि कागदावर तसाच अधांतरी धरला. डेल्फिनकडे बघितलं. रागाने नाही, खरंच कळत नसल्यासारखं.

"बाय, मंग मना सकाली उठवतं कोन?"

खुर्च्या करकरल्या. प्लासिड वाऱ्याबद्दल सांगू लागला, त्याच्या दिशा ऋतूप्रमाणे कशा बदलतात ते. सरपंचांना अचानक नर्सच्या राहण्याच्या सोयीची काळजी पडली. जयरामने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. डेल्फिनला वाटलं, आता. आता बोलायचं. तिने तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं तेही वाऱ्याबद्दलच काहीतरी होतं.

तेवढ्यात फ्लॉसी चहाचा ट्रे घेऊन आली. डेल्फिनचा कप तिने मंदापुढे ठेवला, आणि बशीत सांडलेला चहा पदराने टिपत, जेवायला हाक मारावी इतक्या साध्या आवाजात म्हणाली,

"अहो, वारा कसला घेऊन बसलात? ऐकू येते घंटा. डेल्फिनलासुद्धा आली, त्याच दिवशी माझ्याजवळ रडली ती. आपल्या सुना ज्या खाटेवर बाळंत होणार, तिच्यावर मिठागरवाल्या नकोत आपल्याला. मलाही नकोत. तसं लिहा कागदावर, आणि मग मागा तिचा अंगठा."