आठच्या भोंग्याआधी

आमच्या वरच्या घराला एकशे एकेचाळीस वर्षे झाली. दाराच्या वरच्या फळीवर साल कोरलेले आहे, त्यामुळे याबाबतीत वाद नाही. डोंगराची उंची मोजायला आलेल्या लोकांनी जंगलातच ओंडके रचून ते बांधले. मोजणी आटोपली, ते निघून गेले आणि त्यांचे सामान राखायला ठेवलेला माणूस तेवढा मागे राहिला. तो माझ्या सासऱ्यांचा आजा. सामान न्यायला अद्याप कोणी आलेले नाही.

वनखात्याने दाराशी पाटी ठोकली आहे : ‘ऐतिहासिक वास्तू. हात लावू नये.’ मी बावन्न वर्षे त्या वास्तूला हात लावत होते. पानगळीत ओंडक्यांच्या फटींमध्ये शेवाळ ठासणे, छपरावरचा बर्फ गुडघाभर होण्याआधी लांब दांड्याने ओढून पाडणे, झऱ्याचा नळ गोठू नये म्हणून रात्रंदिवस थेंब थेंब चालू ठेवणे आणि पहिल्या बर्फापासून शेवटचा बर्फ वितळेपर्यंत बिडाची शेगडी एकदाही विझू न देणे. ही कामे कोणी करीत नसते तर खात्याला ठोकायला पाटी उरली असती, भिंत उरली नसती. खात्याचा नियम मात्र साधा होता. कुटुंब बारा महिने तिथे राहील तोवर घर कुटुंबाचे. सलग एक महिना रिकामे पडले की किल्ली खात्याची. मग दोऱ्या बांधून ते लोकांना दाखवायचे.

माझे यजमान गेले तेव्हा चिरंजीवांनी मला खाली न्यायचे ठरवले. ते खालच्या गावात लाकूड कापायच्या गिरणीत मुकादम आहेत. माणसांना हुकूम देण्याची सवय त्यांना तिथे लागली; तो गुण मूळचा कोणाचा, हे ते विसरले होते. तीन दिवस आमची बोलणी झाली. अखेरीस तोडगा निघाला. घरामागे खडकात खोदलेल्या चाळीस पायऱ्या आहेत. त्या चढून गेले की एक सुळका लागतो, आणि तिथून खालची गिरणी दिसते. माझ्या आईने मला लग्नात दिलेला लाल पलंगपोस रोज सकाळी त्या सुळक्यावरच्या खांबाला बांधायचा आणि दुपारी सोडून खांबाखालच्या पेटीत ठेवायचा. आठचा भोंगा झाला की चिरंजीव दुर्बिणीतून पाहतील. लाल दिसले, तर आई खुशाल आहे. ज्या दिवशी दिसणार नाही त्या दिवशी ते माणसे घेऊन वर येतील आणि मी एक शब्द न बोलता कायमची खाली जाईन. अडचणीसाठी वेगळी खूण ठेवू, असे मी सुचवले होते. ते म्हणाले, मदत लागणे म्हणजेच वर राहायची वेळ संपणे. टेलिफोनची तार दर हिवाळ्यात तुटते, म्हणून त्यावर कोणी भरवसा ठेवला नाही. मी शब्द दिला.

पण माझे गुडघे त्या चाळीस पायऱ्यांना तयार नव्हते. म्हणून वन्सं आल्या.

वन्सं, म्हणजे यजमानांच्या धाकट्या बहीण, त्याच घरात जन्मल्या आणि सोळाव्या वर्षी तिथून निघाल्या त्या मागे वळून न पाहता. त्यांनी लग्न केले नाही. पस्तीस वर्षे टेलिफोनच्या कचेरीत बसून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आणि तेव्हा गप्प बसल्याची सारी भरपाई त्या आता करीत होत्या. भाऊ गेल्यावर माझ्या सोबतीला म्हणून त्या आल्या. “एका हिवाळ्यासाठी हं, वहिनी,” असे त्यांनी उंबऱ्यातच बजावले होते. त्याला पाच हिवाळे झाले. जन्माने ज्या त्या घरच्या होत्या त्यांना तिथून जायचे होते. लग्नाने आले ती मी तिथून हलायला तयार नव्हते. यावरून आमची रोज जुंपे. त्या म्हणत, या घरात माणसांपेक्षा ओंडके जास्त बोलतात. मी म्हणे, ओंडके निदान विचार करून बोलतात.

या पाचव्या हिवाळ्यात मात्र माझे चित्त थाऱ्यावर नव्हते. दोन गोष्टींनी मला घोर लावला होता, आणि त्यांचा एकमेकींशी संबंध आहे हे मला कळायला फार उशीर झाला.

पहिली गोष्ट म्हणजे स्वयंपाकघरातले तीन पायांचे स्टूल नाहीसे झाले. त्या घरात दोन खोल्या आणि एक माळा. हरवायला जागाच नाही. मी माळा उपसला, लाकडांची रास हलवली. वन्संना विचारले तर त्या म्हणाल्या, “गेलं असेल कंटाळून. त्याला पाय होते ना.” मी महिनाभर त्या स्टुलावरून बोलत राहिले. घरातली वस्तू जागची हलणे मला खपत नाही.

दुसरी गोष्ट पत्राची. टपाल पंधरवड्यातून एकदा येई. वन्संच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलेले एक पत्र मी वाचले. वाचायला नको होते. पण ते उघडे होते आणि मीही घरातच होते. त्यांच्या कचेरीतल्या मैत्रिणीने लिहिले होते की तिच्या शेजारची खोली रिकामी झाली आहे, खिडकी दक्षिणेला आहे, दिवसभर ऊन येते, वसंतापर्यंत मालक ती कोणाला देणार नाहीत. वन्संनी मला यातले अवाक्षर सांगितले नव्हते. एरवी चहात साखर कमी पडली तरी त्या अर्धा तास सांगत.

तेव्हापासून रोज सकाळी माझ्या मनात एकच पाल चुकचुके. पलंगपोस या बाईच्या हातात आहे. सुळका घराच्या मागे. खिडकीतून तो दिसत नाही. त्यांनी एके दिवशी तो नुसता पेटीत ठेवला, बांधल्यासारखे केले आणि खाली आल्या, तर मला कळायचे कसे? चिरंजीव माणसे घेऊन येतील तेव्हाच कळायचे. मग वन्संना दक्षिणेची खिडकी, आणि माझ्या घराला दोऱ्या.

त्या सव्वासातला चढायला निघत आणि मी दाराशी उभी राहत असे. बसवत नसे. शेगडीत लाकूड घातलेले असूनही पुन्हा घालायला जाई, दिव्याची पुसलेली काच पुन्हा पुसे, नळाचे थेंब मोजे. भोंगा होई. मग साडेनऊपर्यंत खालच्या वाटेकडे डोळे. कोणी आले नाही की आजचा दिवस आपला. असे मी रोज एक एक दिवस जिंकत होते आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा शून्यापासून सुरुवात करीत होते.

त्यात वन्संना वेळ लागू लागला. आधी वीस मिनिटांत परत येत, पुढे तीस, मग चाळीस. मी विचारले, एवढा वेळ वर काय करता? त्या म्हणाल्या, देखावा बघते. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईने, नाकाचे टोक गोठेल अशा थंडीत, जन्मापासून पाहिलेला देखावा बघावा, हे मला पटले नाही. मी टोमणा मारला, “वरून तुमच्या मैत्रिणीची खिडकी दिसते वाटतं.”  त्या एवढेच म्हणाल्या, “चष्मा बदला, वहिनी. फार लांबचं वाचायला लागलात.”

त्या रात्री मला झोप नव्हती. सकाळी त्या निघाल्यावर मी मनाशी दहापर्यंत मोजले, यजमानांचे बूट चढवले, कोळशाचे फावडे काठीसारखे घेतले आणि त्यांच्या मागे गेले. डोळ्यांनी पाहायचे आणि रंगेहाथ पकडायचे, असा माझा बेत होता. पायऱ्यांवर काचेसारखा बर्फ होता. मी फावड्याने टोचत, दर पायरीला दोन्ही पाय ठेवत, काही ठिकाणी सरळ हातांवर रांगत चढले. कोणी पाहिले असते तर मला तिथेच संपावेसे वाटले असते. रांगताना तोल राहावा म्हणून मोठ्याने पायऱ्या मोजत होते.

बावीस म्हटले आणि मान वर केली. बाविसाव्या पायरीवर, खडकाच्या आडोशाला, माझे स्टूल होते. स्टुलावर वन्सं बसल्या होत्या. एक हात छातीवर, तोंड उघडे, ओठ जांभळाच्या रंगाचे. मागे वर पाहिले तर खांबावर लाल पलंगपोस नीट, चारही गाठी मारून बांधलेला होता.

“कधीपासून?” मी विचारले.

“स्टूल गेलं त्याच्या आदल्या आठवड्यापासून.” त्यांना एका श्वासात एवढेच जमे. मग थांबून म्हणाल्या, “चढता येतं. मध्ये जरा बसावं लागतं. आज जरा जास्त.”

मी म्हटले, सांगितले का नाहीत? त्या म्हणाल्या, सांगितले असते तर तुम्ही स्वतः चढला असतात. आणि दोघींपैकी कोणी चढणार नाही असे झाले असते तर घर गेले असते. आणि पत्र? पत्राला नकार कधीच कळवला होता, मैत्रीण तेच तेच विचारते. हे सारे त्यांनी तुकड्या तुकड्यांत सांगितले आणि मी उभी राहून ऐकले, कारण बसायला तिथे एकच स्टूल होते.

त्यांचे हात बर्फासारखे होते. माझ्याच्याने त्यांना उचलून खाली नेणे शक्य नव्हते. त्या स्वतः उतरतील असे त्यांचे ओठ सांगत नव्हते. मी घड्याळ पाहिले. आठाला अकरा मिनिटे कमी होती.

मी वर पाहिले, तसे त्यांना सगळे कळले. पस्तीस वर्षे दोन टोकांचे एकदम ऐकायची सवय होती त्यांना.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “भोंगा होऊ द्या. मग काढा. अकरा मिनिटांनी काय होतंय.”

मला ते अकरा मिनिटांचे गणित पुरते समजले होते. भोंग्याला चिरंजीवांना लाल दिसेल, आजचा दिवस आपला होईल. मग वन्संना थोडी ऊब देऊ, हळूहळू उतरवू, शेगडीजवळ निजवू. वसंत पाच आठवड्यांवर होता. हे सारे मी बाविसाव्या पायरीवर उभी राहून खरोखर विचारात घेतले, आणि ते लपवायचे मला कारण नाही. पण वन्संच्या घशात श्वासाचा जो आवाज होत होता तो मी यजमानांच्या शेवटच्या दिवसांत ऐकला होता. तेव्हाही आम्ही सकाळपर्यंत थांबलो होतो.

“मोठी मी आहे,” मी म्हटले. “गप्प बसा.”

उरलेल्या अठरा पायऱ्या मी कशा चढले ते मला आठवत नाही. त्यांच्या गाठी बोटांना सुटेनात, तेव्हा दातांनी सोडल्या. पलंगपोस घेऊन खाली आले, त्यांना डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळले आणि त्यांच्या पायाशी पायरीवर बसून त्यांचे हात माझ्या काखेत धरले. भोंगा झाला. डोंगरात तो दोनदा वाजतो, एकदा खरा आणि एकदा उलटून. 

सव्वानऊला चिरंजीव चार माणसे आणि बर्फावरची घसरगाडी घेऊन आले. इतक्या लवकर ते कसे आले हे मी विचारले नाही. त्यांच्या कपाळावर त्या थंडीतही घाम होता. वन्संना गाडीवर बांधत असताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी विचारण्याआधीच गाडीवरून क्षीण आवाज आला.

“माझीच चूक रे. आज बांधायला विसरले. पेटीतच राहिला.”

हे वन्सं त्याच लाल पलंगपोसात हनुवटीपर्यंत गुंडाळलेल्या अवस्थेत सांगत होत्या. चार माणसांपैकी एकाने खोकल्याचे निमित्त करून तोंड फिरवले.

“आत्या, तो तुझ्या अंगावर आहे,” चिरंजीव म्हणाले.

“मग थंडी वाजली असेल मला,” वन्सं म्हणाल्या.

त्यांना वाटत होते, चूक त्यांची ठरली तर माझा शब्द मोडत नाही. चिरंजीवांनाही ते कळले असावे. ते माझ्याकडे बघत थांबले. मी ‘हं’ म्हटले असते तर त्यांनी मान्य केले असते, असे मला आजही वाटते.

“मी उतरवला,” मी म्हटले. “भोंग्याच्या आधी. चला, उशीर करू नका.”

घरात जाऊन मी शेगडीतले निखारे बाहेर ओढले आणि बर्फावर टाकले. दुसऱ्या कोणाला ते करू दिले नाही. नळ मात्र चालू ठेवला.

वन्सं सतरा दिवस इस्पितळात होत्या. हृदय थकले आहे, पण आणखी तासभर त्या पायरीवर राहिल्या असत्या तर थकायलाही उरले नसते, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. आता आम्ही दोघी चिरंजीवांच्या घरी मागच्या खोलीत असतो. सूनबाई चांगल्या आहेत. खिडकी उत्तरेला आहे. रोज आठला इथे भोंगा इतका जवळ होतो की पेल्यातले पाणी हलते, आणि मी दुर्बीण घेऊन खिडकीशी उभी राहते. खांब दिसतो. खांबावर काही नसते.

महिना पूर्ण झाला त्या दिवशी खात्याचे साहेब किल्ली न्यायला आले. तरुण, सभ्य गृहस्थ होते. मी किल्ली कमरेची सोडून टेबलावर ठेवली आणि त्यांना कागद काढायला सांगितले. शेवाळ कोणत्या उतारावरचे घ्यायचे, कोणत्या फटीत पाचर आधी आणि शेवाळ मागून, छपराचा बर्फ कोणत्या कोपऱ्यापासून ओढायचा, सगळे सांगितले. ते तासभर लिहीत होते. मग मी शेगडीचे सांगू लागले तेव्हा त्यांनी लेखणी थांबवली. आता तिथे कोणी राहणार नाही, आजी, ते हळूच म्हणाले. शेगडी पेटवायची नाही.

मी म्हटले, लिहून तर घ्या. त्यांनी लिहून घेतले.

ते गेल्यावर वन्सं अंथरुणातून म्हणाल्या, “वहिनी, भोंगा होऊ दिला असतात तर?”

“तर तुम्ही आता इतकं बोलत नसता,” मी म्हटले, “आणि मला जरा शांतता लाभली असती.”

त्या हसल्या, मग खोकल्या, मग पुन्हा हसल्या. मला बसवेना. काहीतरी सांगायचे राहिले होते. खोलीत दोन फेऱ्या मारल्यावर ते आठवले. जिन्यापर्यंत जाऊन मी साहेबांना हाक मारली. ते दारातून परत वळले.

“मागच्या पायऱ्यांवर, बाविसावीला, एक स्टूल आहे. तीन पायांचं. ते हलवू नका.”

त्यांनी कागद पुन्हा काढला. तेही जुन्या काळातले आहे का, असे त्यांनी विचारले.

“हो,” मी म्हटले. “पाटी लावलीत तरी चालेल.”