पुनवेचं पाणी

"अहो, पानी येनार म्हंजे येनार! त्याला काय तुमचं बुकिंग दाखवू?"

तिसऱ्यांदा सांगितलं मी. पण तो ऋत्विक, नवी मुंबईहून आलेला, खुंट्या ठोकतच राहिला. बायको क्षिप्रा फोन उंच धरून रेंज शोधत होती. दोन वर्षांचं पोर तंबूत गाढ झोपलेलं.

"मावशी, दगडावर चार नंबर लिहिलाय ना? आम्हाला चारच मिळालाय. रिव्हर फेसिंग."

घ्या! आता या माणसाला काय सांगायचं?

गावाच्या खाली नदी खाडीला मिळते, तिथून जरा वर सरकारी जंगलात हा तंबूंचा कॅम्प आहे. मी मनुबाई, आठ वर्षं इथली राखणदार. तंबूंच्या जागा आखायला माणसं आली ती नेमकी अष्टमीला. अष्टमीला भरतीला जोरच नसतो, पाणी वाळूवर चढत नाही. त्यांनी खुशाल वाळूत नंबरांचे दगड रोवले. मी म्हटलं, "सायेब, येकदा पुनवेला येऊन बघा, उधानाचं पानी पार झाडापातुर येतं." साहेब म्हणाले, "नकाशा पास झालाय, मनुबाई." झालं. नकाशा पास झाला आणि नदीला कुणी विचारलंच नाही. तेव्हापासून दर पुनवेला, दर अवसेला पाहुण्यांशी भांडण माझ्या नशिबी. आणि या लोकांना यायचं असतं पुनवेलाच, चांदणं बघायला! डोकं फिरतं माझं.

त्या दिवशी मात्र मला तोंड आवरायचं होतं. माझ्या नावावर आधीच दोन तक्रारी होत्या, दोन्ही तंबू हलवल्याच्या. तिसरी आली की घरी बसायचं, असं साहेबांनी बजावलेलं. गावात मी कुणाची तरी सून, कुणाची तरी विधवा. इथं मला माझ्या नावानं हाक मारतात. ही जागा मला सोडायची नव्हती, खोटं कशाला बोलू?

दुपारचे बारा वाजून गेले. वाळू कडेनं काळी पडायला लागली. मी क्षिप्राला म्हटलं, "बाय, निदान पोराला तरी वर घे."

"आत्ताच झोपलाय हो तो. उठला तर दिवसभर रडेल."

आता मात्र माझं टाळकं सटकलं. मी सरळ तंबूत शिरले, पोराला उचललं, वर आंब्याखाली सतरंजीवर ठेवलं आणि खाली येऊन खुंट्या उपटायला लागले. पोरानं भोकाड पसरलं. ऋत्विक ओरडला, "हात कसा लावलात आमच्या सामानाला?" आणि उभ्या उभ्या फोनवर काहीतरी लिहीत सुटला.

मी तंबू एकटीनं ओढत वर आणला. मागोमाग पाणी आलं. आवाज नाही, लाट नाही, नुसतं चढत गेलं. चार नंबरचा दगड बुडाला. ऋत्विकचे बूट खालीच राहिले होते, ते तरंगायला लागले.

क्षिप्रानं पोराला छातीशी घट्ट धरलं. नवऱ्याला म्हणाली, "ती कंप्लेंट काढून टाक."

"गेली. आता नाही निघत." मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "पण तुम्ही नीट समजावून सांगायला हवं होतं ना."

नीट! माझ्या घशाला कोरड पडली होती सांगून सांगून.

आठ दिवसांनी साहेब चौकशीला आले. कधी? अष्टमीला, भर दुपारी. नदी पार मधोमध गेलेली, वाळू ठणठणीत कोरडी.

"कुठंय पाणी, मनुबाई?"

"सायेब, आज अष्टमी हाय. अवसेला या."

"तिथी बघून सरकारी कामं होत नाहीत."

तिसरी तक्रार, म्हणजे घरी बसायचं. शिट्टी आणि चावी त्यांच्या हातात दिली आणि घरी येऊन ढसाढसा रडले.

अवसेच्या दिवशी घरात काही केल्या जीव लागेना. भात चुलीवरून उतरवला, तसाच ठेवला आणि जंगलाची वाट धरली. नवा राखणदार काठावर उभा होता, नामा नावाचा, घाटावरचा माणूस. खाली वाळूवर तीन तंबू.

"कोण पाहिजे, बाई?"

"कुनी न्हाय. किती वाजलं?"

"साडेअकरा."

मी पदर खोचला आणि पहिल्या तंबूची दोरी सोडायला घेतली.

"अहो, तुम्ही कोण? माझी नोकरी जाईल!"

"तुझी न्हाय जानार," मी म्हटलं. "माझं नाव सांग. मनुबाईनं हलवले म्हनावं. आता ते टोक धर."