ओढ्याकाठचा तुकडा

"हा ट्रक आत येणार नाही," अक्का म्हणाली, तेव्हा वखारीच्या फाटकातल्या हमालांनी आधी ट्रककडे पाहिलं, मग ड्रायव्हरशेजारी ऐटीत बसलेल्या तिच्या मामांकडे, आणि मग हातातलं काम टाकून सगळे जरा जवळ सरकले.

मामा खाली उतरले नाहीत. खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांनी विचारलं, "का गं? माझा रस्ता चुकला का?"

"रस्ता बरोबर आहे, मामा. लाकूड ओढ्याकाठचं आहे."

"मग? ओढा काय चोराचा आहे?"

हमाल हसले. अक्कालाही हसू आलं, पण तिनं ते गिळलं.

आईवडील गेल्यावर अक्काला मामांनीच वाढवलं होतं. सायकल त्यांनी शिकवली, टायपिंगच्या क्लासला त्यांनी घातलं, आणि "पोरगी हुशार आहे, फक्त तोंडाळ आहे" अशी शिफारस करून या वखारीत नोकरीलाही त्यांनीच चिकटवलं. इतकी वर्षं ती आत बसून बिलं करायची. भुशाच्या वासाची तिला इतकी सवय झाली होती की सुट्टीच्या दिवशी चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. मग वखारीच्या फळ्या घेणाऱ्या परदेशी कंपनीनं नवा नियम पाठवला. लाकूड ज्या जमिनीवरून आलं, त्या जमिनीची हद्द नकाशावर दाखवायची, आणि ठरलेल्या तारखेनंतर तिथलं जंगल तोडलेलं नाही हे पटवून द्यायचं. शेठनी ते काम अक्कावर ढकललं. तेव्हापासून ती हातात फोन घेऊन लोकांच्या बागांच्या कडेकडेनं हिंडत फोनमधल्या नकाशावर हद्दीची रेघ आखायची, आणि हमाल तिला नकाशेवाली म्हणायचे.

मामांची सागाची बाग जुनी, लावलेली, त्यामुळे ती सहज नियमात बसली. पण बागेला लागून ओढ्याकाठी रान होतं. मिरची लावायची म्हणून मामांनी ते नियमाची तारीख उलटून गेल्यावर तोडलं होतं. जमीन त्यांची होती, तोडायची परवानगीही काढली होती. भाव येईल म्हणून ओंडके अंगणात ठेवले होते. तेच आज ट्रकमध्ये होते.

"हे बघ," मामा आवाज खाली आणून म्हणाले, "आत एवढी मोठी थप्पी लागली आहे. त्यात माझे ओंडके गेले, तर ते काय ओरडून सांगणार आहेत?"

"ओंडके नाही सांगणार. पण कागदांवर सही माझी आहे, मला सांगावं लागेल. आणि पकडले गेलो तर सगळ्यांचाच माल परत येईल. मग या लोकांना काय सांगू?"

मामांनी हमालांकडे पाहिलं. एकदम सगळ्यांना आपापली कामं आठवली.

"घे मागे," मामा ड्रायव्हरला म्हणाले. "बाईसाहेबांचा हुकूम आहे."

ट्रक वळून गेला. अक्का आत येऊन बसली, पण बराच वेळ तिला समोरचं काही सुचेना. शेठ बिचकत बिचकत तिच्या टेबलापाशी आले.

"मला वाटलं, मामा आहेत, तू डोळेझाक करशील."

"मग तुम्ही का नाही अडवलंत त्यांना?"

"मला तुझ्या मामांची भीती वाटते," शेठ खरं ते बोलून गेले.

त्यानंतर मामांनी अबोला धरला. पण तो त्यांना धड धरताही येईना. अक्काचा फोन आला की मामी घ्यायच्या आणि मामा मागून बोलायचे. "तिला सांग, मी घरी नाही." "तिला विचार, खोकला कमी झाला का." "तिला सांग, मी विचारलेलं नाही." मामी दोन्हीकडचं इमानेइतबारे पोचवायच्या आणि फोन ठेवताना म्हणायच्या, "एकदा काय ते मिटवा गं. माझा घसा बसला."

ओंडके शेवटी मामांनी गावातल्या सुताराला देऊन टाकले. भाव कमीच मिळाला, हेही मामींकडूनच कळलं.

अशात कंपनीचा तपासनीस आला. हसतमुख तरुण होता. नकाशावर हवं तिथं बोट ठेवून तो म्हणाला, "ही बाग बघू या." बोट नेमकं मामांच्या बागेवर पडलं होतं. अक्कानं त्या बागेचे कागद पुन्हा एकदा चाळले. मामा रागाच्या भरात काहीही बोलले असते, आणि कागद कितीही चोख असले तरी मालकानंच वाकडा शब्द काढला की संपलं.

मामा बागेच्या तोंडाशी इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. अक्काकडे न बघता त्यांनी तपासनिसाला अख्खी बाग फिरवून दाखवली, कुठलं झाड वाऱ्यानं वाकलं, कुठलं रुसल्यासारखं वाढलंच नाही, सगळं सांगत. बाग संपली तसे ते थांबले.

"याच्या पुढचं यात धरू नका," ते म्हणाले. "इथं रान होतं. मी तोडलं. माझ्या भाचीनं ते लाकूड घेतलं नाही."

तपासनिसानं मान डोलावली, अक्काला ती हद्द पुन्हा चालून फोनवर आखायला सांगितली, आणि स्वतः बागेत फोटो काढायला वळला.

अक्का नि मामा ओढ्याकाठी आले. मिरची धड लागली नव्हती. जमीन नुसती पडून होती.

"अजून रागावला आहेस?" अक्कानं विचारलं.

"आहेच. पण तुझ्यावर किती नि माझ्यावर किती, याचा हिशेब लागत नाही." मामांनी पायानं एक ढेकूळ फोडलं. "इथल्या पाखरांच्या कलकलाटानं तुझ्या मामीला दुपारची झोप लागत नसे. रोज कुरकुरायची. आता लागते झोप. पण म्हणते, उठल्यावर घर ओकंओकं वाटतं."

अक्कानं फोन वर धरला. ऊन चढलं होतं, आणि त्या तुकड्यात सावली कुठेच नव्हती. पडदा नुसता लखलखत होता, नकाशावरची रेघ काही केल्या दिसेना. मामा सरकले आणि तिच्या नि उन्हाच्या मधे उभे राहिले.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"मग चल," मामा म्हणाले, आणि हद्द संपेपर्यंत उन्हाच्या बाजूनं तिच्या पावलाशी पाऊल टाकत राहिले.