ओळखीचे जज्जसाहेब

“हा दावा मी ऐकणार नाही,” जज्जसाहेब समोर उभ्या असलेल्या सलूनवाल्याकडे बघून म्हणाले.

दावा त्याच्या दुकानाचा होता. मालकाला जागा रिकामी करून हवी होती आणि सलूनवाल्याला त्या दोन खुर्च्यांपलीकडे दुसरं जग नव्हतं. दावा कोणापुढे लागलाय हे कळल्यावर बायको हरखून गेली होती. “आपलेच जज्जसाहेब! अर्धी लढाई जिंकलीच म्हणा!” सलूनवाल्याने तिला दटावलं, पण मनातून त्यालाही गुदगुल्या झाल्याच होत्या.

जज्जसाहेबांनी कारणही भर कोर्टात सांगितलं. “हे गृहस्थ बरीच वर्षं माझे केस कापतात. दर महिन्याला माझी मान यांच्या वस्तऱ्याखाली असते. यांच्या बाजूने निकाल दिला तर लोक बोलतील. विरोधात दिला तर मीच तिथे बसायला घाबरेन.”

सगळे हसले. मालकाचा वकीलसुद्धा हसला. एवढ्या मोठ्या जागी आपला उल्लेख झाला म्हणून आनंद मानावा की कपाळावर हात मारून घ्यावा, हे काही सलूनवाल्याला कळेना.

बायकोला मात्र लख्ख कळलं होतं. “लोकांच्या ओळखी कामाला येतात, आपली आडवी आली! ओळख नसती तर निदान ऐकून तरी घेतलं असतं.”

दुकानात रोज पेपर वाचायला एक निवृत्त मास्तर येत. ते म्हणाले, “सध्या पेपरात हाच वाद गाजतोय. कोर्टाचा कारभार सुधारायचा, तर न्यायाधीशांनी सगळे संबंध आधी जाहीर करावेत म्हणे.”

“पण केस कापणं हा संबंध झाला का हो, मास्तर?”

“ते कोणी ठरवायचं, यावरच तर भांडण आहे.”

“मग भाजीवालीचा दावा आला तर? दूधवाल्याचा आला तर? साहेबांनी न्याय करायचा तरी कुणाचा?”

“आणि ज्याचा कुणाशीच संबंध नाही, त्याला तुझं दुकान म्हणजे काय ते कळणार का?” असं म्हणून मास्तर पुन्हा पेपरात शिरले.

सलूनवाल्याच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. जज्जसाहेबांनी ऐकलं असतं, तर काय ठरवलं असतं? गिऱ्हाइकाच्या दाढीला फेस लावतानाही तो हेच घोळवत राही.

जज्जसाहेबांनी दुकानात येणं बंद केलं. पुढच्या एका तारखेला ते कोर्टाच्या बोळात समोरून आले. कुठल्यातरी परक्या हाताने केस कापले होते. कल्ले खालीवर झालेले, कानामागे एक झुबका तसाच राहिलेला. सलूनवाल्याची बोटं शिवशिवली. नमस्काराला उचललेला हात त्याने खिशात घातला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्या क्षणी त्याला त्यांचा रागही आला आणि मायाही.

दुसऱ्या जज्जांनी निकाल मालकाच्या बाजूने दिला. अपील करायची उमेद सलूनवाल्यात उरली नव्हती.

दुकान सोडायच्या दिवशी भिंतीवरचे आरसे उतरवून झाले. एक खुर्ची टेम्पोत चढली. दुसरीला हात घालणार तोच दारातून आवाज आला, “आता बसायला हरकत नाही ना?”

सलूनवाल्याने खुर्ची पुसली. कापड बांधलं, कानामागे कात्री चालवली. बऱ्याच वेळाने त्याने विचारून टाकलं, “साहेब, तुमच्यापुढे चालला असता, तर काय निकाल दिला असता?”

“तुम्हाला समोर पाहिलं आणि कागद मिटले. वाचलेच नाहीत.”

कात्री जराशी थांबली. सलूनवाल्याचे डोळे भरून आले. खोटा दिलासा द्यायला साहेबांचं काय गेलं असतं? पण त्यांनी तो दिला नाही.

केस झाले. नेहमीच्या सवयीने त्याने हातातला छोटा आरसा मानेमागे धरला. समोर नुसती भिंत होती. उतरवलेल्या आरशाच्या जागी रंगाचा उजळ चौकोन तेवढा राहिला होता.

जज्जसाहेबांनी नेहमीसारखी मान वळवून त्या चौकोनाकडे नीट पाहिलं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.